हिरवा फ्यूज

आमचं दार अर्धंच उघडायचं. दारामागे बेसच्या स्पीकरचा लाकडी खोका होता, माझ्या कमरेएवढा उंच, काळं कापड चिकटवलेला, कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेला. एकट्या माणसाला तिरकं होऊन बाहेर पडता येई, पण मूल कडेवर असलं की नाही. आधी मूल बाहेर कुणाच्या तरी हातात द्यायचं आणि मग आपण निघायचं. बाहेर हात पुढे करून उभं राहणारं कुणी नसेल तर आत बसायचं. दुपारी बहुतेक कुणी नसायचंच.

खोका आणि त्याच्याबरोबरचा अँप्लिफायर, डेक हे सगळं माझ्या नवऱ्याचं. पाच वर्षं तो एकाच मालकाची गाडी चालवत होता. गाडी मालकाची, पण तिच्यातली ही सगळी सामग्री यानं पगारातून एकेक करून बसवलेली. मालकांनी एक दिवस गाडी विकून टाकली, तेव्हा यानं सगळं सोडवून घेतलं आणि तीन खेपांत तिसऱ्या मजल्यावर आणलं. “गाडी त्यांची होती, आवाज माझा,” एवढंच म्हणाला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. असे दोन महिने गेले. जेवायला उठायचा, जेवला की पुन्हा भिंत. सासूबाई म्हणायच्या, “भिंतीत काय सिनेमा चाललाय का रे?” त्यावरही हसायचा नाही.

मग एके सकाळी उठला आणि माझ्याकडे हात पसरून म्हणाला, “केसातला एक आकडा दे.”

भंगारवाल्याकडून त्यानं जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणला होता, पत्र्याचा डबा, पोटातून रंगीबेरंगी तारांचा झुपका लोंबणारा. त्यातली हिरवी तार आणि काळी तार माझ्या आकड्यानं जोडली, तसा डब्यातला पंखा गरगरला आणि डेकवर निळे आकडे उमटले. घरातल्या प्लगवर गाडीचा रेडिओ! त्या दिवशी दोन महिन्यांनी मी त्याचे दात पाहिले. पण अँप्लिफायर जोडून आवाज वाढवला, की डबा तट् करून बंद पडायचा. त्याला तेवढं ओझं पेलत नव्हतं. चार-पाच दिवस हा नुसता वह्यांमागे आकडेमोड करत होता, आणि मग गॅरेजवाल्या मित्राकडची एक जुनी बॅटरी आणि तिचा चार्जर खांद्यावर टाकून घेऊन आला. नव्या सामानाची ऐपत नव्हती, पण जुन्यातून जमवायची अक्कल त्याच्याकडे भरपूर होती, हे मला कबूल करायलाच हवं.

आणि इथूनच माझी कुरकुर सुरू झाली.

मी केमिस्ट्री घेऊन पदवी घेतलेली. मुलगी होईपर्यंत कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. चार्ज होताना बॅटरीतून कोणता वायू निघतो आणि बंद खोलीत ठिणगी पडली तर काय होतं, हे मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवलेलं होतं. आमच्या खोलीची खिडकी मात्र बंद असायची. खालच्या काकूंनी आवाजाची तक्रार केली म्हणून यानं ती बंद ठेवायची, आणि त्यानं उघडली तर मुलीला सर्दी होईल म्हणून सासूबाईंनी.

“अहो, खिडकी उघडी ठेवूनच चार्ज करा ना,” मी म्हणायची. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, दोघंच असलो की अरे.

“गाडीत बॉनेटखाली असतेच की बंद.”

“बॉनेटखाली वारा असतो. आणि बॉनेटखाली दहा महिन्यांची पोर रांगत नाही.”

“तू ना, देवळात गेलीस तरी आधी आग विझवायचं नळकांडं शोधशील,” तो म्हणाला. सासूबाई खो खो हसल्या. तो पुन्हा हसायला लागला होता, म्हणून मीही हसले. गप्प बसायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

आमच्या मुलीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण जमिनीवरचं जे दिसेल ते ती उचलते. नुकतेच खाली दोन दात आले होते आणि जगातली प्रत्येक गोष्ट तिला त्यांवर घासून बघायची होती. बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत बोटाएवढी जाड लाल तार चटईच्या कडेकडेनं गेलेली. बारा व्होल्टनं झटका बसत नाही, हे तो मला दहादा समजावून सांगायचा. झटक्याची भीती मला नव्हतीच. एवढ्या जाड तारेतून एकदम सगळा करंट धावला तर ती लाल होते, हे मला ठाऊक होतं. त्या तारेवर बॅटरीजवळ एक फ्यूज होता, पारदर्शक डबीत बसवलेला. हिरवं प्लास्टिक, खाली दोन चपटे पाय, वर कोरलेला आकडा तीस. जास्त करंट आला की हा स्वतः जळतो आणि तार वाचते.

मी एक युक्ती काढली. तो बाहेर गेला की मी डबी उघडून फ्यूज काढून घ्यायची. तार मेलेली, अँप्लिफायर मेलेला, त्याच्यावरून जोडलेला डेकही. मुंगीनं काहीही चावलं तरी चावू दे. जिन्यावर त्याची पावलं वाजली की फ्यूज परत जागेवर. त्याच्या चपलेचा डावा तळ सुटलेला होता, दुसऱ्या मजल्यापासूनच फटक फटक कळायचं. असे मी बारा-तेरा दिवस काढले.

एकदा सासूबाईंनी दुपारी रेडिओ लावायला बटण दाबलं आणि तो बोलेना. “हे तुझ्या नवऱ्यासारखंच आहे,” त्या म्हणाल्या, “मनात येईल तेव्हा बोलतं.” मी भांडी घासत राहिले.

आता त्या गुरुवारचं.

बाजारात गाड्यांना डेक बसवून देणारा एक दुकानदार होता, सगळे त्याला डेकवालाच म्हणायचे. त्याला हाताखाली माणूस हवा होता. नवऱ्यानं त्याच्यापुढे आपल्या घरच्या जोडणीचं इतकं वर्णन केलं, की तो म्हणाला, ऐकायलाच येतो, पाचला. आवडलं तर सोमवारपासून ये. नवरा सकाळपासून कपड्यानं खोका पुसत होता. दुपारी दाढी करायला म्हणून खाली गेला. मी नेहमीसारखा फ्यूज काढला.

तेवढ्यात मुंगी रडायला लागली. फळीवरच्या औषधाच्या डब्यात तो ठेवायचा माझा शिरस्ता, पण ती लाल होईपर्यंत किंचाळत होती, म्हणून मी तो कुर्त्याच्या खिशात टाकला आणि तिला जवळ घेऊन आडवी झाले. दूध पिता पिता ती झोपली. मीही झोपले. रात्री चारदा उठणाऱ्या बाईला दुपारी दोष देऊ नये, असं मी आजही स्वतःला सांगते.

जाग आली तेव्हा मुंगी माझ्या आधीच उठून बसलेली होती आणि तोंडात काहीतरी घोळवत होती. खिशात हात घातला. रिकामा.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. काही नव्हतं, चटईचा एक धागा तेवढा निघाला. ती खोकली. पलंगाखाली, उशीच्या अभ्र्यात, चटई उचलून तिच्याखाली, सगळीकडे पाहिलं. सासूबाई कोपऱ्यात बसून पोलक्याला बटण लावत होत्या.

“काय हरवलं?”

“काही नाही आई. कानातलं.”

“कानात तर दोन्ही दिसतायत.”

“दुसरं एक होतं.”

मला तेव्हाच सांगायचं होतं. पण फ्यूज म्हटलं, की तो बाहेर कसा आला हे आलं, आणि ते सांगितलं की तेरा दिवसांचं सगळं आलं. मी मुंगीचं पोट दाबून पाहिलं. ती खुदकन हसली. पोटात धातूचं काही असताना मूल असं हसेल का? हसेल. मुलांना काय कळतं.

फटक फटक. तो आला, गाल गुळगुळीत, अंगाला साबणाचा वास. सरळ बॅटरीशी बसला. डबी उघडी होती.

“फ्यूज?” तो म्हणाला. मग स्वतःशीच, “काल साफ केला तेव्हा मी... नाही, लावला होता. लावला होता ना मी?”

हा प्रश्न त्यानं मला विचारला. मी मुंगीची लाळ पुसत राहिले. त्यानं हत्यारांची पेटी उलटी केली, शर्टाचे खिसे पाहिले, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. घड्याळात सव्वाचार.

“जाऊ दे. आजच्यापुरतं,” म्हणत त्यानं तांब्याच्या तारेचा एक पीळ घेतला आणि फ्यूजच्या जागी दोन्ही टोकं घट्ट आवळली. डेक लागला. निळे आकडे आले. त्यानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बघितलंस, जमवलं, अशा.

मुंगी पुन्हा खोकली. या वेळी ओठांवर लाळेचा फुगा आला.

“अरे,” मी म्हणाले. सासूबाईंसमोर अरे. “अरे, तिनं गिळलाय. फ्यूज. मी काढला होता. मी रोज काढते.”

सासूबाईंची सुई थांबली. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलले. मग डेक बंद केला, मुंगीला उचललं आणि दाराकडे निघाला. पण मूल कडेवर घेऊन त्या फटीतून जाता येईना. त्यानं खांद्याचा धक्का देऊन दार लोटलं आणि खोका करकरत मागे सरकला. अडीच महिन्यांत पहिल्यांदाच आमचं दार एवढं उघडलं.

“आई, तो आला तर बसव त्याला,” तो ओरडला, आणि आम्ही जिना उतरलो.

दवाखाना चालत दहा मिनिटांवर होता, आम्ही पाचात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती मोठी वस्तू? मी बोटांनी काहीतरी दाखवू लागले. यानं टेबलावरचं पेन उचललं आणि स्वतःच्या तळहातावर फ्यूज काढला. लांबी, जाडी, दोन पाय, पायांमधली फट.

“असा. अगदी एवढाच. टोकं बोथट आहेत.”

“घशात अडकला असता तर तिला श्वास घेता आला नसता,” बाई म्हणाल्या. “पोटात आहे का बघू. एक्स-रे काढा.”

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर आमच्या पुढे चार माणसं होती. मुंगी बापाच्या तळहातावरचं चित्र खरवडत होती.

“किती दिवस?” त्यानं विचारलं.

“तेरा.”

“मग मी आल्यावर चालायचं कसं?”

“तुझी पावलं ऐकली की परत लावायची मी.”

तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. मला त्याचं भिंतीकडे बघणं नको होतं. काहीतरी बोल, चिड, असं मनात म्हणत होते, आणि तेवढ्यात माझ्याच डोक्यात ते आलं.

“अरे, तार काढलीस का? फ्यूजच्या जागची?”

त्याचा चेहरा उतरला. “आईला बटण माहितीय,” तो म्हणाला.

पाचला पाच मिनिटं होती. त्यानं आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग मी खालच्या काकूंना लावला.

“काकू, जरा वर जाऊन आमच्या आईंना—”

“वर कशाला जायला हवं?” काकू ओरडूनच बोलत होत्या. “तुमचं वरचं सगळं मला खालीच ऐकू येतंय! माझ्या कपाटाच्या काचा नाचतायत! अहो, मी आजच—”

तो उठून धावत सुटला. त्याच्या चपलेची फटक फटक दवाखान्याच्या जिन्यावरून खाली गेली आणि मी बाकावर राहिले, मांडीवर मूल, पुढे तीन माणसं. उठून त्याच्या मागे जावं तर एक्स-रे राहतो. बसावं तर घर. इकडे पोर, तिकडे म्हातारी, आणि दोघींच्या मध्ये मी केलेली एक गोष्ट. माझा नंबर यायला पंचवीस मिनिटं लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून प्रत्येक मिनिट पाहिलं.

काळ्या फिल्मवर मुंगीच्या इवल्या फासळ्या दिसत होत्या, माशाच्या काट्यासारख्या. डॉक्टरीणबाईंनी ती दिव्यासमोर धरली, वर खाली केली.

“काही नाही. स्वच्छ आहे. खोकला सर्दीचा आहे. खिडकी-बिडकी बंद ठेवून कोंडता का घरी?”

मी हो म्हणाले आणि तिथेच रडले.

जिन्यात दुसऱ्या मजल्यापासूनच जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. सासूबाई काकूंच्या दारात पायरीवर बसल्या होत्या, हातात पाण्याचा पेला. मला बघताच म्हणाल्या, “पोर?”

“ठीक आहे. पोटात काही नाही.”

“मग बस इथे आधी.”

मी बसले नाही. वर गेले. दार सताड उघडं होतं, खिडकीही. नवरा उकिडवा बसला होता, समोर चटईवर एक काळी रेघ, बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत, मुंगीच्या रांगायच्या वाटेवरून. दाराच्या धक्क्यानं खोका सरकला तेव्हा लाल तार त्याच्या पत्र्याच्या कोपऱ्यात आणि अँप्लिफायरच्या लोखंडी अंगात चेपली गेली होती. सासूबाईंनी पाहुण्याला ऐकवायचं म्हणून कौतुकानं आवाज मोठा केला. खोका थरथरत राहिला, पट्टी तारेचं साल कापत राहिली, आणि धातूला धातू टेकला. फ्यूज असता तर बिचारा तिथेच जळून गेला असता. तांब्याचा पीळ जळला नाही. तार जळली.

“डेकवाला?” मी विचारलं.

“त्यानंच वाचवलं. शर्ट काढून हाताला गुंडाळला आणि बॅटरीचा चिमटा उपटला.” तो चटईकडेच बघत होता. “मी आलो तेव्हा शर्ट घालत होता. म्हणाला, आवाज फार छान जमवलायस. पण फ्यूजच्या जागी तार लावणाऱ्या माणसाच्या हातात मी लोकांच्या गाड्या देऊ शकत नाही.”

“मी जाते त्यांच्याकडे. उद्याच. सांगते की फ्यूज मी काढला होता.”

“आणि का काढला ते?” आता त्यानं वर पाहिलं. “सांगशील, की ह्याच्या कामावर माझाच भरवसा नव्हता?”

जाणं शक्य होतं, दार तर पूर्ण उघडं होतं, आणि गेले असते तर त्याचं उरलंसुरलं मी माझ्या हातानं संपवलं असतं.

सासूबाई धापा टाकत वर आल्या. “इतका वेळ शोधत काय होता तुम्ही? गिळला गिळला काय?”

“फ्यूज, आई. हिरवा. एवढा.” त्यानं तळहात पुढे केला. पुसट निळं चित्र अजून होतं.

त्यांनी ते जवळ जाऊन पाहिलं, मग कोपऱ्यात गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. पोलक्याची बटणं, हुक, एक तुटकी साखळी, आणि त्यांत तो. “तुझ्या कुशीजवळ पडला होता, झोपली होतीस तेव्हा,” त्या मला म्हणाल्या. “फ्यूज कसा असतो मला काय ठाऊक, मला वाटलं तुझ्या केसाची क्लिप. पोरीनं उचलू नये म्हणून ठेवला. तू म्हणालीस कानातलं. हिरवं काहीतरी म्हणाली असतीस तर तेव्हाच दिला असता की ग.”

त्या चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री त्यानं तार, चटई, सगळं गुंडाळून जिन्याखाली टाकलं. खोका न् अँप्लिफायर पलंगाखाली ढकलले. आणि भिंतीकडे तोंड केलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. जेवण, भिंत. मला हवं होतं ते सगळं आता घरात होतं. फरशी मोकळी, खिडकी उघडी, आवाज नाही, दार पूर्ण उघडतं. मूल कडेवर घेऊन मी हवी तेव्हा बाहेर पडू शकत होते. दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. त्याला तसा सोडून कुठे जाऊ?

रविवारी दुपारी मुंगीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि जिन्याखालून तार वर आणली. जळका भाग कापून टाकला. उरली ती तोकडी. अँप्लिफायर आणि खोका पलंगाखालून ओढताना घाम फुटला. बॅटरी प्लगशीच ठेवावी लागे, त्यामुळे ते कुठेही ठेवले तरी तार पुरेना. पुरली ती एकाच जागी, दारामागे. लाल तार भिंतीच्या खिळ्यांवरून वरून घेतली, मुंगीच्या हाताला लागणार नाही अशी. काळी तार काळ्या टोकाला. डबीत हिरवा फ्यूज बसवला. खिडकी उघडी आहे ना, पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग बटण दाबलं.

निळे आकडे आले. कुणीतरी बातम्या सांगत होतं, मग गाणं लागलं. मी आवाज अगदी थोडा वाढवला. पलंगावर काही हललं नाही. सासूबाईंनी मला खुणेनं विचारलं, काय? मी मान हलवली, काही नाही. अख्खं गाणं झालं. दुसरं लागलं.

“काळी ढिली आहे,” भिंतीकडून आवाज आला.

“काय?”

“काळी तार. ढिली बसवलीयस. बेस फाटतोय, ऐकू येत नाही का तुला?”

“मला काय कळतं त्यातलं,” मी म्हणाले. “ये आणि घट्ट कर.”

तेही गाणं संपलं, तिसरं लागलं, फाटक्या बेससकट. मग पलंग करकरला. तो आला, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पेचकस दिला. त्यानं काळी तार आवळली, आणि मग डबी उघडून फ्यूज बघितला, बोटानं दाबून बघितला. मीही वाकून बघितला.

मुंगी दाराशी जाऊन उभी राहायला बघत होती. मी तिला उचललं, जरा वाऱ्यावर न्यावं म्हणून दार ओढलं. ते अर्धंच उघडलं.